गुलाबाच्या पाकळ्या: सजावटीला कोणत्या घ्याव्यात, आणि कुंडीत कोणता गुलाब लावावा?

शेवंता_पुणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात वास्तुशांत आहे. दारात तीन फूट व्यासाची पाकळ्यांची रांगोळी, दारापासून देवघरापर्यंत दहा फूट लांब व दोन फूट रुंद पायघड्या आणि पितळी उरळीत तरंगत्या पाकळ्या असा बेत आहे. फरशी पांढऱ्या संगमरवराची आहे.

पाकळ्या कोणत्या, किती आणि किती आधी आणाव्यात? गच्चीत सहा कुंड्यांची जागा आहे, ऊन सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत. आता सप्टेंबर संपत आलाय. आत्ता झाडं लावली तर घरच्या पाकळ्या मिळतील का?

दलपुंज

आधी हिशोब करू, म्हणजे बाकीचे प्रश्न सोपे होतील.

मोठ्या गुलाबाची पाकळी साधारण चार सेंटिमीटर रुंद असते आणि वजन पाव ग्रॅमच्या आसपास. एक चौरस फूट जमीन दिसेनाशी करायला, पाकळ्या एकमेकींवर थोड्या चढवून, शंभरेक लागतात. तीन फूट व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सात चौरस फूट. रांगोळी एका थरात विरळ दिसते, म्हणून दोन थर धरा: १४०० पाकळ्या, म्हणजे ३५० ग्रॅम. पायघड्या वीस चौरस फूट, पण तिथे सडा हवा, गादी नको. फुटाला पन्नास पुरतात. झाल्या १०००, म्हणजे २५० ग्रॅम. उरळीला दोन मुठी. चुरगळलेल्या आणि डागाळलेल्या वेचून काढण्यात पाचवा हिस्सा जातो. थोडक्यात पाऊण किलो सुट्ट्या पाकळ्या आणा.

अख्खी फुलं घेऊन सोलणार असाल तर डच गुलाबाच्या एका फुलातून वापरण्याजोग्या पंचवीसेक पाकळ्या निघतात. वीस फुलांची एक जुडी, तर पाच जुड्या.

आता घरच्या कुंड्यांचं. सहा कुंड्या, पहिल्या बहरात प्रत्येकी पाच फुलं धरली तरी तीस फुलं, म्हणजे दोनशे ग्रॅम. उरळी आणि रांगोळीचा मधला भाग घरच्या फुलांवर निघेल, पायघड्यांना बाजार गाठावाच लागेल.

कळीकाळ

कोणत्या, याचं उत्तर. बाजारात सुट्ट्या पाकळ्यांचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात.

एक गावठी, म्हणजे गुलाबी किंवा राणी रंगाचा देशी गुलाब. पाकळी पातळ, लहान, वास भरपूर. जमिनीवर पसरली की चार-सहा तासांत मलूल होते, पंख्याखाली त्याहून लवकर. ओवाळायला, अंगावर उधळायला, पूजेच्या ताटात हीच छान.

दुसरा डच, म्हणजे पॉलिहाउसमधला लांब दांड्याचा गुलाब. तळेगाव दाभाडे आणि मावळ भागातून पुणे-मुंबईला येतो. पाकळी जाड आणि ताठ, वास जवळपास नाहीच. सकाळी पसरलेली संध्याकाळपर्यंत तग धरते. लाल रंगात 'टॉप सीक्रेट' किंवा 'ताजमहल', पिवळ्यात 'गोल्ड स्ट्राइक' मागा. पांढऱ्यात 'अॅव्हलांश' मिळतो, पण पांढरी पाकळी बोट लागलं तरी तपकिरी होते. रांगोळीच्या कडेला पांढरा हवाच असेल तर शेवंती वापरा, गुलाबाचा हट्ट नको.

या दोहोंच्या मध्ये उघड्या शेतातला ग्लॅडिएटर. डचइतका ताठ नाही, गावठीइतका सुवासिक नाही, पण हारवाल्यांकडे सुटा मिळतो आणि रांगोळीला अगदी योग्य जाडीचा.

तुमच्यासाठी: रांगोळी आणि पायघड्या डच किंवा ग्लॅडिएटरच्या, उरळी आणि ताट गावठीचं. सगळीकडे एकच प्रकार वापरला की एक तर वास नसतो, नाही तर दुपारी बाराला सगळं सुकलेलं असतं.

हिरवा_देठ

खरेदीबद्दल. मुंबईत दादरची मीनाताई ठाकरे फूल मंडई, पुण्यात गुलटेकडी मार्केट यार्डाचा फूलबाजार. पहाटेच जा. सुट्ट्या पाकळ्या घेताना वरच्या पाहून भुलू नका, गोणीच्या मध्यापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर माल सोडून द्या. तोडलेल्या पाकळ्यांचा श्वास चालूच असतो, दाबून भरल्या की उष्णता साठते आणि आतला भाग शिजल्यासारखा होतो. असल्या पाकळ्या घरी आणेपर्यंत ठीक दिसतात, तासाभरात काळवंडतात.

दुसरी परीक्षा: एक पाकळी हलकी दुमडून सोडा. ताजी सरळ होते. शिळीला घडीची रेघ राहते आणि ती रेघ बघता बघता गडद होते. तिसरी, हात ओला होतो का बघा. वजन वाढवायला पाणी मारलेलं असतं, आणि ओली पाकळी सगळ्यात आधी कुजते.

डच फूल सोलायचं असेल तर घट्ट कळी सोलू नका, पाकळ्या बुडाशी फाटतात. दोन दिवस आधी आणा, दांडीचं टोक पाण्याखाली धरून तिरकं कापा, खालची पानं काढा आणि सावलीत बादलीत ठेवा. फूल अर्ध्याच्या वर उमललं की बाहेरच्या दोन-तीन हिरवट, जाड पाकळ्या टाकून द्या. मग देठाजवळ धरून फूल हलकं पिळा, पाकळ्या न चुरगळता सुटतात.

शेवंता_पुणे

वा, हिशोबामुळे बराच उजेड पडला! सुट्ट्या पाकळ्या आदल्या दिवशी आणल्या तर ठेवायच्या कशा? आणि संगमरवराचं काय?

हिरवा_देठ

पसरट डब्यात तळाला कोरडं सुती कापड, त्यावर दोन-तीन इंचांचा थर, वर पुन्हा कापड. झाकण सैल ठेवा. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकवून नको. तिथे गारठून पाकळी काचेसारखी पारदर्शक होते. धुऊ नका, पाणी शिंपडू नका. डच दोन दिवस टिकते, गावठी एकच. त्याच फ्रिजमधून केळी, सफरचंद, पिकलेला पपई बाहेर काढा. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने पाकळ्या लवकर म्हाताऱ्या होतात. अख्ख्या फुलांना तर जास्तच त्रास, पाकळ्या आपोआप गळतात.

क्षारपड

संगमरवर: लाल पाकळीचा रंग पाण्यात सुटतो आणि दगड तो पितो. वर पाय पडला की डाग नक्की. पायघड्यांखाली पारदर्शक प्लास्टिक अंथरा, त्यावर पातळ पांढरं कापड, मग पाकळ्या. नुसत्या प्लास्टिकवर पाकळी म्हणजे घसरगुंडी. घरात आजी-आजोबा येणार असतील तर मधून एक फूट वाट मोकळी ठेवा आणि पाकळ्या दोन्ही कडांना दाट घाला. दिसतंही जास्त चांगलं. रांगोळीखाली केळीची पानं.

डाग पडलाच तर संगमरवरावर लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात नको, चकाकी जाते. ओल्या फडक्याने लगेच टिपा. कापडावरचा डाग मात्र आधी साध्या थंड पाण्यात. साबण आधी लावला तर डाग निळसर-हिरवा होऊन बसतो, कारण पाकळीतला लाल रंग आम्लात लाल आणि क्षारात निळा असतो. पाण्यानंतर कापडावर लिंबाचा रस चालेल.

उरळीतल्या लाल पाकळ्या दुसऱ्या दिवशी जांभळट दिसतात तेही यातलंच. पाकळीचं वय झालं की तिच्या पेशीतली आम्लता उतरते. पाणी बदलून ते थांबत नाही, पाकळ्याच बदलाव्या लागतात.

चिमणचारा

कृत्रिम पाकळ्या घेऊन मोकळं व्हा की. शंभराच्या पाकिटात मिळतात, धुता येतात.

कळीकाळ

धुता येतात, पण 'सिल्क' नावाने मिळतात त्या बहुधा पॉलिएस्टरच्या, आणि गडद लाल रंग ओला झाला की कापडाला लागतो. आधी एक पाकळी ओल्या पांढऱ्या कापसात दाबून दहा मिनिटं ठेवा आणि मगच उरळीत टाका. तेल-वातीच्या दिव्यांभोवती तर नकोच, पॉलिएस्टर वितळून चिकटतं. जिना, मेजाच्या कडा अशा कोरड्या जागी चालतील. पायघड्यांना माझं मत नाही. पायाखाली सरकतात आणि निर्जीव दिसतात.

सुकवलेल्या हव्या असतील तर गुलाबी आणि पिवळ्या निवडा. लाल सुकली की जवळजवळ काळी पडते, पांढरी पिवळट. उन्हात नाही, अंधाऱ्या हवेशीर खोलीत कागदावर एकेरी थर, रोज हलवून. कुरकुरीत झाल्या की हवाबंद बरणीत. किंचित लवचीक असताना भरल्या तर बुरशी ठरलेली.

मातीमोल

आता कुंड्यांकडे येऊ या. सप्टेंबरअखेर लावून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फूल मिळतं, पण वेळापत्रक पाळावं लागेल.

रोपं कलमी घ्या, डोळा भरलेली, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळाकडच्या खोडावर (खुंटावर) हव्या जातीचा डोळा (अंकुर) बसवलेली. डोळ्याचा जोड बोटाएवढा जाड, तिथली प्लास्टिकची पट्टी तशीच असेल तर ब्लेडने उभी चिरून काढा, नाहीतर ती खोडात रुतते. जोडाच्या वर किमान दोन दणकट फांद्या हव्यात. फुललेलं रोप घेण्यापेक्षा फुटव्याचं घ्या.

रोप लाल चिकणमातीच्या घट्ट गड्ड्यात येतं, आणि नवी कलमं दगावण्याचं मोठं कारण हा गड्डाच. भोवती भुसभुशीत माती घातली की पाणी सैल मातीतून निघून जातं आणि गड्डा आतून कोरडा ठाक राहतो. लावण्याआधी गड्डा बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवा, बाहेरचा अर्धा इंच बोटांनी सैल करा. सगळा फोडू नका, बारीक मुळं तुटतात.

कुंडी बारा इंची, तळाला चार-पाच भोकं. मिश्रण असं: चार भाग लाल माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. कुंडीमागे निंबोळी पेंड दोन मुठी, बोनमील एक मूठ. पुण्याची काळी माती कुंडीत नको, ती पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. डोळ्याचा जोड मातीच्या दोन इंच वर राहू द्या.

पहिले आठ दिवस सावलीत, मग हळूहळू उन्हात. पाणी वाफशावर: वरचा एक इंच कोरडा लागला की तळातून निघेपर्यंत द्या. रोज घोटभर शिंपडणं सगळ्यात वाईट, मुळं वरच राहतात.

दलपुंज

तारखेचं मी जोडतो. छाटणीपासून फूल उमलायला पुण्याच्या हवेत साधारण ४५ ते ५० दिवस. १० डिसेंबर धरला तर छाटणी २१ ते २६ ऑक्टोबरच्या दरम्यान. तीन कुंड्या २१ ला, तीन २६ ला करा, म्हणजे थंडी लवकर आली काय किंवा उशिरा, काही ना काही हाताला लागेल. रोपं नवी आहेत, तेव्हा खोलवर छाटू नका. वरचा तिसरा हिस्सा, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या, एवढंच. जुन्या झाडाला मात्र प्रत्येक फांदीवर चार-सहा डोळे ठेवून बाकी सगळं काढायचं.

काप बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. जास्त वर कापलं तर ते टोक वाळतं आणि वाळणं खाली उतरत जातं. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.

मातीमोल

कापावर बोर्डो पेस्ट: शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. चुना थंड झाल्यावर दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकत्र करा. लोखंडी खिळा क्षणभर बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. सहा कुंड्यांना एवढी लागत नाही, चौथाई प्रमाण घ्या आणि त्याच दिवशी वापरून टाका.

रत्नांग्रीकर

कोकणात आणि गोव्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटू नका. परतीचा पाऊस कापांत शिरतो आणि फांदी वरून काळी पडत खाली येते. पाऊस नक्की थांबू दे. पावसाळाभर कुंड्या पन्हळीखाली नको, वळचणीला ठेवा. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सहा-सात तास ओलं लागतं, ते मिळू दिलं नाही की निम्मं काम झालं. आमच्याकडे बोर्डोपेक्षा पत्र्याचा आडोसा जास्त कामाला येतो.

संत्रानगरी

नागपूरकरांसाठी: एप्रिल ते जून पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावा, कळ्या खुडत राहा आणि झाड नुसतं जगवा. त्या उन्हात फूल लहान येतं आणि पाकळीची कड भाजते. पाकळ्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बाकी काळ खत-पाणी.

चिमणचारा

जाती सांगा कुणीतरी. मी नर्सरीत फक्त "लाल द्या" म्हणते.

कळीकाळ

"लाल द्या" म्हटलं की वास नसलेला लाल मिळतो. 😀

पाकळ्यांसाठी झाड निवडताना प्रदर्शनातल्या फुलासारखा घट्ट, उंच कळीचा आकार बघू नका. पूर्ण उमलणारं, वास असणारं आणि भरपूर फुलणारं झाड हवं. सहा कुंड्यांत: दोन गावठी गुलाबी, एक ग्लॅडिएटर, एक 'डबल डिलाइट' (मलईवर लाल कडा, वास उत्तम, पाकळ्या रांगोळीत उठून दिसतात), एक पांढरा 'आइसबर्ग', जो झुपक्याने फुलतो. सहावी 'पापा मेयाँ': गडद मखमली लाल, वासाला तोड नाही, पण भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि काळे ठिपके दोन्ही लवकर धरते. हाताशी वेळ असेल तरच.

अत्तराचा म्हणतात तो दमास्क गुलाब, पुष्कर-कन्नौजकडचा, इथे मागवू नका. मुख्य बहर वर्षातून एकदा, मार्च-एप्रिलमध्ये, आणि त्यासाठी नीट थंडी लागते. मुंबईत पानंच पानं मिळतील.

शेवंता_पुणे

पाच पानांची फूट ठेवायची आणि सात पानांची काढायची, हे खरं का? आणि बटाट्यात खोचून डच गुलाबाची फांदी लावतात ते?

मातीमोल

पानं मोजू नका, मूळ शोधा. डोळ्याच्या जोडाच्या खालून किंवा मातीतून निघालेली फूट खुंटाची, मग पानं पाच असोत की सात. जोडाच्या वरून आलेली तुमची, सात असली तरी. खुंटाची फूट कात्रीने कापू नका, दुप्पट जोमाने येते. माती बाजूला सारून बुडापासून ओढून काढा.

बटाटा ओल्या मातीत कुजतो आणि फांदीला सोबत घेऊन जातो. डच दांडी बरेच दिवस शीतगृहात काढून आलेली असते, मुळं धरली तरी झाड किरटं राहतं. गावठी गुलाब मात्र फांदीवर सहज येतो: पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंच, चार-पाच डोळे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, दोन डोळे मातीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा.

क्षारपड

खताचं. छाटणीनंतर आठ दिवसांनी एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन मुठी गांडूळखत. फूट चार बोटं झाली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विरघळणारं खत), लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, ओल्या मातीत. कळी वाटाण्याएवढी झाली की ते बंद आणि १३:०:४५ (नत्र कमी, पालाश जास्त) लिटरला दोन ग्रॅम, दोनदा. जास्त नत्र शेवटपर्यंत चालू ठेवलं तर पाकळी मऊ होते आणि मावा आमंत्रण दिल्यासारखा येतो.

बोअरच्या पाण्यामुळे पुण्यात कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसतं. ती लोहाची उणीव. माती क्षारीय झाल्याने लोह असूनही मिळत नाही. चिलेटेड लोह (क्षारीय मातीतही झाडाला घेता येईल अशा रूपातलं), ईडीडीएचए प्रकारचं, लिटरला एक ग्रॅम मातीत. लोक यावर एप्सम सॉल्ट ओततात. त्यात मॅग्नेशियम आहे, लोह नाही. मॅग्नेशियमची उणीव जुन्या पानांवर दिसते, कोवळ्या नाही.

हिरवा_देठ

कीड थोडक्यात. पाकळ्यांचा खरा वैरी फुलकिडे. कळीत शिरून खरवडतात, पाकळीच्या कडा तपकिरी होतात, कळी अर्धवट उमलून थांबते. शंका आली तर कळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर काड्या चालताना दिसतील. निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीवर टांगा, बिघडलेली कळी खुडून पिशवीत बांधून टाका. कडुनिंबाचं तेल पाच मिलि आणि द्रव साबण दोन मिलि एका लिटरला, संध्याकाळी, आठवड्याने. कळी रंग दाखवू लागली की बंद, तेलाचे डाग पाकळीवर राहतात.

पानामागे जाळं आणि पान धुळकट दिसलं तर लाल कोळी. पानामागून पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवस सलग, सकाळी.

नोव्हेंबरात भुरी येणार. हिला पान ओलं लागत नाही, कोरडे दिवस आणि गार रात्री पुरतात. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम. ऊन ३२ अंशांच्या वर असताना नको, आणि कडुनिंबाच्या तेलानंतर दोन आठवडे तरी नको, पानं करपतात.

चिमणचारा

उरलेल्या पाकळ्यांचा गुलकंद?

कळीकाळ

बाजारच्या पाकळ्यांचा नाही. पॉलिहाउसची फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांवर काय आणि किती दिवसांपूर्वी फवारलंय ते आपल्याला कळत नाही. त्याच कारणाने तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्यातही टाकू नका. घरच्या गावठीचा करा, रासायनिक फवारणी अजिबात नसेल तर: पाकळ्या आणि खडीसाखर वजनाला समसमान, काचेच्या बरणीत आलटून पालटून थर, महिनाभर उन्हात.

बाजारच्या उरलेल्या कंपोस्टात घाला. वाळकी पानं जोडीला हवीत, नुसत्या पाकळ्यांचा चिकट लगदा होतो. चमकी मारलेल्या असतील तर कचऱ्यात.

दलपुंज

घरच्या फुलांची तोडणी राहिली. सूर्य वर यायच्या आत, दव सुकल्यावर, पूर्ण उमललेलं फूल. देठ पाच पर्णिकांच्या (छोट्या पानांच्या), बाहेर तोंड केलेल्या पहिल्या पानापर्यंत कापा, पुढची फूट तिथूनच जोमाने येते. दोन दिवस आधीपासून फुलत गेली तर तोडून डब्यात साठवत जा. गावठी मात्र त्याच पहाटे तोडा.

रांगोळी पूजेच्या दोन तास आधी भरायला घ्या, मधून बाहेर. पंखा बंद. झाल्यावर बारीक तुषाराची बाटली हातभर उंचीवरून एकदाच फिरवा.

शेवंता_पुणे

उद्या नर्सरीत जातेय. 'डबल डिलाइट' मिळाला नाही तर बदली काय घेऊ?

कळीकाळ

अजून एक ग्लॅडिएटर. दुकानदाराने "तसाच दुसरा" म्हणून काही पुढे केलं तर फूल उमललेलं रोप दाखवायला सांगा आणि वास घेऊन बघा.